मदत हवी आहे: गाडीतला जीपीएस दाभोळची फेरीबोट धरतच नाही, चिपळूणवरून वळसा घालायला लावतो

नमस्कार मंडळी,
बाबांच्या गाडीत काचेला चिकटवायचा ५ इंची नेव्हिगेटर आहे. जुना आहे पण स्क्रीन अजून छान आहे, उन्हात स्पष्ट दिसतो आणि बाबांना त्याची सवय झालीय. "फोन वापरा" असं कृपया कोणी सांगू नका, फोनवर ऑफलाइन नकाशा उतरवून दिला होता पण मधेच कोणाचा कॉल आला की नकाशा मागे जातो आणि बाबा गाडी चालवताना फोनला हात लावत नाहीत, जे योग्यच आहे, आणि किनाऱ्याने जाताना रेंज सारखी जात असते ते वेगळंच.

तर प्रॉब्लेम असा. बाबा-आई ठाण्याहून निघून अलिबाग, मुरुड करत जातात, आगरदांड्याला गाडी बोटीत चढवून दिघीला उतरतात, मग श्रीवर्धन, हरिहरेश्वर, पुढे बागमांडल्याहून वेश्वीला परत बोट, मग केळशी-आंजर्ले-दापोली, आणि शेवटी दाभोळहून धोपाव्याला बोट आणि तिथून गुहागर, तिथे आत्या असते. म्हणजे राजपुरी, सावित्री आणि वाशिष्ठी अशा तीन खाड्या आणि तीन बोटी. हा नेव्हिगेटर तिन्हीपैकी एकही बोट धरत नाही. दाभोळच्या जेट्टीवर उभं राहिलं की पलीकडे धोपावे डोळ्यांना दिसत असतं आणि मशीन सांगतं की मागे फिरा, चिपळूणवरून जा. बाबा अनुभवाने जातात हो बरोबर, पण पोचायची वेळ पूर्ण चुकीची दाखवल्यामुळे कुठली बोट मिळेल याचा अंदाजच येत नाही, आणि संध्याकाळची शेवटची बोट गेली की मग खरोखरच अंधारात तो सगळा वळसा घ्यावा लागतो. दोघांचं वय बघता मला त्याची खरंच काळजी वाटते.

करून बघितलंय ते असं: टाळायच्या रस्त्यांच्या यादीत फेरीवर टिक नाहीये. फास्टर टाइम, शॉर्टर डिस्टन्स दोन्ही लावून पाहिलं. मधला थांबा एकच टाकता येतो, दुसरा टाकायला गेलं की आधीचा काढू का विचारतो.

मग भाच्याने कुठेतरी वाचून वरच्या कोपऱ्यातलं बॅटरीचं चिन्ह बराच वेळ दाबून धरलं तर एक वेगळंच पान उघडलं! बॅटरीचे व्होल्ट, तापमान, सॉफ्टवेअर व्हर्जन, टचची टेस्ट, स्पीकरची टेस्ट, आणि सॅटेलाइटची यादी आकड्यांसकट. उघड्यावर बरेच आकडे ४० च्या आसपास होते. घड्याळ बरोबर आहे पण तारीख जवळजवळ वीस वर्षं मागची दाखवतंय.

माझे प्रश्न: या लपलेल्या मेनूत आणखी आत गेलं तर रूटिंगचं काही सेटिंग मिळतं का? तारखेचा आणि या गोंधळाचा काही संबंध आहे का? आणि एकापेक्षा जास्त थांबे टाकायची काही युक्ती? जाणकारांनी प्लीज मार्गदर्शन करावं.

रानवाटा:
ताई, आधी एक सांगतो, त्या पानावर पुसायचं किंवा रीसेट करायचं काही दिसलं तर हात लावू नका, बाबांनी साठवलेली सगळी ठिकाणं जातील. ते पान सर्व्हिसवाल्यांसाठी असतं. हार्डवेअर ठीक आहे का एवढंच त्यात कळतं, रस्ता कसा निवडायचा याचा तिथे काही संबंध नसतो. गार्मिन कंपनीच्या न्यूवी या जुन्या नेव्हिगेटरमध्येही बॅटरीचं चिन्ह दाबून धरलं की असंच पान येतं, काही मॉडेल्सना स्पीडच्या आकड्यावर बोट धरून ठेवावं लागतं. गाडीत बसवून आलेल्या सिस्टिम्सचे प्रकार वेगळे, जुन्या होंडात मेनू, मॅप आणि कॅन्सल ही तीन बटणं एकत्र दाबून धरतात. पण आत मिळणारा माल सगळीकडे थोडाफार सारखाच, टच, स्पीकर, अँटेना, व्होल्टेज.

सॅटेलाइटचे आकडे म्हणजे सिग्नलची ताकद. ४० च्या आसपास म्हणजे उत्तम, ३० च्या खाली बरेच दिसले तर काळजी करायची. तुमचा रिसीव्हर ठणठणीत आहे. घाटात किंवा दाट झाडीत आकडे पडतात ते चालायचंच. काचेला मेटलवाली सन-फिल्म असेल तर मात्र बसल्या जागी पडतात.

तारखेचं कारण सांगतो. जीपीएसचा मूळ सिग्नल आठवडे मोजतो ते १० बिटमध्ये (० किंवा १ अशा दहा अंकांत), म्हणजे १०२४ आठवडे झाले की परत शून्य. तसं १९९९ च्या ऑगस्टमध्ये झालं आणि मग ६ एप्रिल २०१९ च्या रात्री. १०२४ आठवडे म्हणजे साडेएकोणीस वर्षं, तुम्हाला जेवढी मागची तारीख दिसतेय तेवढीच. प्रत्येक कंपनी आपापल्या सॉफ्टवेअरमध्ये मोजणीची सुरुवात वेगळी धरते म्हणून प्रत्येक मशीन वेगळ्या दिवशी गडबडतं, जानेवारी २०२२ मध्ये होंडाच्या बऱ्याच गाड्यांची घड्याळं २००२ वर गेली होती ते यातलंच. सॉफ्टवेअर अपडेट असेल तर टाका. रूटवर परिणाम नाही, फार तर सुरू केल्यावर सॅटेलाइट सापडायला जरा जास्त वेळ लागेल.

खाडीपलीकडे:
रोग नकाशात आहे, मशीनमध्ये नाही. रूट काढताना मशीन चित्र बघत नाही, ते बघतं बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. जेट्टीचा रस्ता ज्या बिंदूवर संपतो त्याच बिंदूपासून बोटीची रेषा सुरू झाली पाहिजे. दोघांत चार मीटरची फट राहिली तरी मशीनच्या दृष्टीने तिथे रस्ता संपला. बऱ्याच नकाशांत बोट नुसती तुटक रेषा म्हणून काढलेली असते, दिसते पण त्यावरून जाता येत नाही. किंवा जोडलेली असते पण फक्त पायी माणसांसाठी, गाडी चढते हे नोंदवलेलंच नसतं. शिवाय प्रत्येक रस्त्याचा दर्जा आणि वेग नकाशा बनवतानाच आत गोठवलेला असतो, तो कुठल्याही मेनूतून बदलत नाही.

घरबसल्या तपासता येईल. सेटिंगमध्ये जीपीएस बंद करून सिम्युलेटर (गाडी न हलवता प्रवास करून दाखवणारी सोय) चालू करा, सुरुवातीची जागा धोपावे आणि मुक्काम दाभोळ द्या. मग नकाशा पूर्ण झूम करून जेट्टी बघा. आणि मशीन कॉम्प्युटरला जोडून नकाशाची फाइल कुठल्या प्रकारची आहे ते सांगा, फाइलच्या नावाच्या शेवटी आयएमजी (.img) असेल तर ओपनस्ट्रीटमॅपवरून, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून, बनवलेला मोफत नकाशा मेमरी कार्डावर टाकता येण्याची शक्यता आहे. त्या नकाशाचं मोठं सुख म्हणजे फट दिसली तर आपण स्वतः जोडू शकतो, बोटीला किती मिनिटं लागतात तेही नोंदवता येतं, आणि पुढच्या वेळी नकाशा नवीन उतरवला की दुरुस्ती त्यात येते.

बर्गेनकर:
मी नॉर्वेत असतो, इथे ई-३९ हा मुख्य रस्ताच मधेमधे फेरीने फियॉर्ड (डोंगरांत आत शिरलेली समुद्राची खोल खाडी) ओलांडतो, आणि फेरी हा रस्त्याचाच तुकडा म्हणून नकाशात असल्यामुळे साधी मशीन्ससुद्धा न चुकता बोटीवर नेतात. म्हणजे जुन्या मशीनला बोट कळतच नाही असं नाहीये. पण बोटीची वाट बघण्याचा वेळ बहुतेक मशीन्स धरत नाहीत आणि शेवटची बोट किती वाजता हे त्यांना कळत नाही, ते वेळापत्रक बाबांच्या खिशातच हवं. कोकणात तर पावसात आणि भरती-ओहोटीप्रमाणे वेळा बदलतात, त्यामुळे निघण्याआधी जेट्टीवर फोन करणं उत्तम.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं नीट समजावून कोणीच सांगितलं नव्हतं. सिम्युलेटर करून पाहिलं. धोपावे ते दाभोळ दिलं तर चिपळूणला जाऊनच येतो, आणि झूम केल्यावर अगदी तुम्ही म्हणालात तसंच, तुटक रेषा पाण्यातच संपते, रस्त्याला टेकतच नाही. आगरदांड्यालाही तेच. फाइल आयएमजीच आहे.

थांब्यांचं काय करू मग? नकाशा बदलेपर्यंत तरी दिवाळीला जाताना काहीतरी हवं.

रानवाटा:
एका वेळी एकच थांबा घेणारी मशीन्स बरीच आहेत, स्वस्त मॉडेल्समध्ये तर हे ठरलेलंच. कॉम्प्युटरवर रूट बनवून टाकला तरी काही मॉडेल्स तो घेतच नाहीत आणि घेणारी बरीचशी स्वतःच्या नकाशावर परत मोजतात, म्हणजे पुन्हा चिपळूण. त्यापेक्षा प्रवासाचे तुकडे करा. प्रत्येक जेट्टी फेव्हरिटमध्ये साठवा आणि नावाआधी आकडा घाला, १ आगरदांडा, २ बागमांडला, ३ दाभोळ, ४ आत्या. आकड्यामुळे यादी क्रमाने लागते. जेट्टीला पोचलं की नेव्हिगेशन बंद, बोटीत आराम, पलीकडे उतरून पुढचा आकडा दाबायचा. बोटीत चालू ठेवलं तर बाण पाण्यात जातो आणि मशीन सारखं रूट परत मोजत बसतं. पोचायची वेळही प्रत्येक जेट्टीपर्यंतची खरी दिसेल, बोटीचा अंदाज बांधायला तीच तर लागते. जुन्या मशीनला देवनागरी फॉन्ट नसेल तर नुसते चौकोन दिसतील, तेव्हा नावं इंग्रजी अक्षरांत टाका.

धागाकर्ती:
हे बाबांना नक्की जमेल, फेव्हरिट ते रोज वापरतात. आजच चारही टाकून देते. नवीन नकाशा मात्र मूळची फाइल नीट कॉपी करून ठेवल्यावरच वेगळ्या कार्डावर टाकणार आहे. तोवर कोणी ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा टाकून बागमांडला-वेश्वी सिम्युलेटरमध्ये तपासलं असेल तर प्लीज सांगा, आणि दापोली-मंडणगड बाजूचं कोणी इथे असेल तर वेश्वीच्या जेट्टीवर गाडी नेमकी कुठून चढवतात ते कळवा, तिथे फट असेल तर जोडायचं काम मी स्वतः करते.