नायट्यासाठी टर्बिनाफिन की इट्राकोनॅझोल?

प्रश्न: महिनाभर टर्बिनाफिन घेऊनही जांघेतला नायटा हटत नसल्याने डॉक्टरांनी आता इट्राकोनॅझोल लिहून दिले आहे, दोहोंत नेमका फरक काय?

उत्तर १: दोन्ही औषधे बुरशीच्या पेशींच्या आवरणाला लागणारे अर्गोस्टेरॉल हे द्रव्य तयार होऊ देत नाहीत, मात्र टर्बिनाफिन ज्या विकराला (एन्झाइमला) रोखते, त्यातच उत्परिवर्तन झालेली ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी भारतात फोफावल्याने टर्बिनाफिन अनेकांना लागू पडत नाही.

उत्तर २: इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल भरल्या पोटी घ्याव्यात, कारण शोषणासाठी जठरातील आम्ल लागते, सोबत ॲसिडिटीची गोळी घेतल्यास परिणाम घटतो. हृदय कमजोर असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.

उत्तर ३: औषध दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडमिश्रित मलम लावत असाल, तर तेही डॉक्टरांना दाखवा, त्याने खाज थांबते, चट्ट्याची लाल कड पुसट होते आणि नायटा मात्र पसरत राहतो.