हरितद्रव्याचा जीनोम?

(गोव्यातल्या तिघांच्या गप्पा; नावाऐवजी ज्याचं त्याचं गाव.)

डिचोली : पुरवणीसाठी आलेला लेख तपासतेय. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या दलदलीतल्या रामपत्रीवर आहे, जायफळाच्या कुळातला वृक्ष. वाक्य असं : ‘या संकटग्रस्त वृक्षाच्या हरितद्रव्याच्या जीनोमचे सिक्वेन्सिंग करणे गरजेचे आहे.’ कुठेतरी खटकतंय.

फोंडा : हरितद्रव्य खटकतंय. तो नुसता रंग, क्लोरोफिल. जीनोम म्हणजे डीएनएचा अख्खा मजकूर, रंगाला कसला आलाय तो! तो रंग ज्या इवल्या पिशवीत असतो ते क्लोरोप्लास्ट, म्हणजे हरितलवक. स्वतःचा डीएनए असतो तो त्याला. मी शाळेत शिकवायचो तेव्हा एकाने विचारलं होतं, ‘सर, लवक म्हणजे पानावरची लव का?’ तसं नाही. लवलेशातला लव, बारीक कण.

डिचोली : आणि जीनोमला ‘गुणसूत्र’?

वाळपई : नको, ते क्रोमोसोमला. ‘जनुकसंच’ रूढ आहे, पण मला तोकडा वाटतो. फुलझाडांच्या हरितलवकात बहुधा 1,20,000 ते 1,60,000 डीएनएच्या अक्षरजोड्या आणि जनुकं जेमतेम 110 ते 130. जनुकांच्या मधला मजकूरही जीनोमच की. डीएनए पचला तसा जीनोमही पचेल, राहू दे.

डिचोली : सिक्वेन्सिंगला ‘क्रम लावणे’ लिहू?

वाळपई : अजिबात नको! क्रम लावतो आपण पत्त्यांचा, उत्तरपत्रिकांचा. इथे ए, टी, जी, सी ही अक्षरं आधीच ओळीने लागलेली आहेत, आपण फक्त वाचायची. तंबाखूच्या हरितलवकाचा अख्खा क्रम 1986 साली वाचला गेला, लावला नाही गेला. पुस्तकी शब्द हवा तर ‘क्रमनिर्धारण’ आहे, पण रविवारच्या वाचकाला ‘क्रम वाचणे’ पुरे.

फोंडा : ‘संकटग्रस्त’ही तपासा, बाई. आययूसीएन या निसर्गरक्षणाच्या जागतिक संघटनेच्या यादीत तो वेगळा वर्ग आहे. रामपत्री त्याच्या एक पायरी अलीकडे, ‘असुरक्षित’मध्ये.

डिचोली : ‘असुरक्षित वृक्ष’ म्हटलं की झाडाला कुंपण नाही असं वाटतं हो.

फोंडा : मग ‘धोक्यात आलेली’ करा.

वाळपई : आणि लेखात ‘निरंकाराची देवराई’ असेल तर तेही बदला. आमच्याकडे ती राय. निरंकाराची राय.

डिचोली : आहे खरी, बदलते. आता वाक्य : ‘धोक्यात आलेल्या रामपत्रीच्या हरितलवकाच्या जीनोमचा संपूर्ण क्रम वाचणे गरजेचे आहे.’

वाळपई : ‘च्या’ला ‘च्या’ लागलाय. ‘हरितलवकातील’ करा, आणि पाठवून द्या छापायला.