यजमानांसाठी किल्ट : घरी शिवावा की शिवून घ्यावा?

प्रेषक : ग्लासगो येथील एक सभासद

सप्रेम नमस्कार. पुढच्या उन्हाळ्यात आमच्या कन्येचा विवाह एका स्कॉटिश मुलाशी होणार असून, त्यांच्याकडील पुरुष मंडळींप्रमाणे आमच्या यजमानांनीही किल्ट (स्कॉटिश पुरुषांचे कमरेपासून गुडघ्यापर्यंतचे निऱ्यांचे लोकरी वस्त्र) घालावा, अशी व्याह्यांची इच्छा आहे. भाड्याने आणण्यापेक्षा त्यांच्यासाठी आयुष्यभर टिकेल असा एक चांगला किल्ट करावा, असे माझ्या मनात आहे. ब्लाउज आणि सलवार-कमीज मी घरीच शिवते. तेव्हा हाही मीच शिवावा, की कारागिराकडे द्यावा? शिवाय आम्ही कोणत्याच क्लॅनचे (स्कॉटिश कुळाचे) नाही, तर टार्टन (किल्टच्या कापडावरची रंगीत चौकटींची नक्षी) कोणते घ्यावे?

प्रेषक : एडिनबरा येथील एक सभासद

ताई, स. न. वि. वि. आपणा उभयतांचे मनःपूर्वक अभिनंदन. किल्ट शिवणाऱ्या एका बाईंच्या हाताखाली मी काही काळ शिकले आहे, त्या आधारे लिहिते.

पारंपरिक किल्टला शुद्ध लोकरीचे वर्स्टेड (घट्ट पिळाच्या गुळगुळीत सुताचे) कापड आठ वार लागते. ते वारामागे 16 औंस वजनाचे असले, म्हणजे निऱ्या जागच्या जागी राहतात आणि चालताना मागचा घेर डौलदार झुलतो. उन्हाळ्यातल्या लग्नासाठी 13 औंसांचेही चालेल. त्याहून हलके मात्र घेऊ नये. कापड दुहेरी पन्ह्याचे असल्यास चार वार घेऊन ते लांबीत मधोमध कापतात व दोन्ही तुकडे जोडतात. हा जोड एखाद्या निरीच्या पोटात लपतो. दोन्ही तुकड्यांचा विणीचा काठ खाली यावा म्हणून एक तुकडा फिरवून घ्यावा लागतो, त्यामुळे ज्याची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखी नाही असे टार्टन या पद्धतीत जुळत नाही. काठच खाली असल्याने किल्टला दुमड घालत नाहीत. दुकानात तयार किल्ट पाहाल, तेव्हा आधी खालची कड उलटून पाहा. तेथे दुमडून टीप मारलेली दिसली, तर दुकानदार काहीही सांगो, मी तो घेणार नाही.

खरी कसोटी निऱ्यांची. नऊवारीच्या निऱ्या आपण दर वेळी नव्याने घालतो, येथे त्या एकदाच आणि हाताने शिवून पक्क्या करायच्या असतात. बसण्याच्या भागापाशी प्रत्येक निरी जेमतेम इंचभर दिसते व कमरेकडे निमुळती होत जाते, आणि तरीही मागून पाहता समोरचीच नक्षी अखंड चालू राहिल्यासारखी दिसली पाहिजे. (लष्करी पद्धतीत प्रत्येक निरीवर एकच पट्टा आणतात, तेही देखणे असते.) एकेका निरीत धाग्या-दोन धाग्यांचा फरक पडत गेला, तरी शेवटी कमरेचे माप बिघडते. त्यानंतर आतून जादा कापड कापून कॅनव्हास बसवायचा आणि त्यावर अस्तर लावायचे, आणि यातला एकही टाका बाहेर दिसता कामा नये. आपला हात शिवणात बसलेला आहे, यात शंका नाही. पण पहिलाच प्रयोग इतक्या महाग कापडावर आणि लग्नाच्या मुदतीत करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हातशिलाईचा किल्ट 500 पौंडांच्या वर जातो हे खरे, परंतु पुढे पोट सुटले तरी बकले सरकवून तो पुन्हा बेताचा करता येतो. काटकसर करायचीच असेल, तर जाकीट आणि स्पोरन (किल्टवर समोर बांधायची पिशवी) भाड्याने आणा.

माप देताना यजमानांच्या पँटचा नंबर मुळीच सांगू नका. किल्ट साधारण बेंबीच्या उंचीवर बसतो आणि गुडघ्याच्या मध्यावर संपतो.

प्रेषक : ॲबर्डीन येथील एक सभासद

टार्टनपुरते लिहितो. क्लॅनबाहेरच्याने क्लॅनचे टार्टन वापरू नये, असा कायदा नाही. बाल्मोरल नावाचे टार्टन मात्र राजघराण्यासाठी राखीव समजले जाते. ब्लॅक वॉच किंवा हंटिंग स्ट्युअर्ट कोणीही वापरावे असा प्रघात आहे, आणि ग्लासगोच्या नावाचे टार्टनही आहे. आपण तेथेच राहता, तेव्हा तेच मला सर्वांत उचित वाटते. 2008 च्या कायद्यानुसार स्थापन झालेली टार्टनची अधिकृत नोंदवही संकेतस्थळावर पाहता येते. व्याह्यांचे टार्टन त्यांना न विचारता घेऊ नये. त्यांनी आपण होऊन सुचवले, तर अवश्य घ्यावे.

प्रेषक : ग्लासगो येथील एक सभासद

आपणा दोघांचे आभार. शिलाई कारागिराकडेच देते आणि टार्टनविषयी विहिणबाईंशी बोलते. मोज्यांवरचे फ्लॅशेस (मोज्यांच्या बंदाला लावायच्या कापडी पट्ट्या) तेवढे उरलेल्या कापडातून मी शिवीन. किल्टची पिन समोर एकावर एक येणाऱ्या दोन्ही पदरांतून लावायची असते का?

प्रेषक : एडिनबरा येथील एक सभासद

नाही, फक्त वरच्या पदरातून, उजव्या हाताच्या खालच्या कोपऱ्यापाशी. दोन्ही पदर टाचले, तर बसताना कापड ओढले जाऊन फाटते. कारागिराकडे मात्र या महिन्यातच नाव नोंदवा. उन्हाळ्यातल्या लग्नांची कामे त्यांच्याकडे फार आधीपासून येऊन पडतात.