मदत हवी आहे: गोधडीला चुण्या पडतायत, रविवारी बारसं आहे

जाईजुई
भाचीच्या बाळासाठी गोधडी शिवायला घेतली आहे. निम्म्याहून जास्त शिवून झाली आणि आता बघते तर वर सगळ्या चुण्याच चुण्या. दोऱ्याचा ताण कमी-जास्त करून पाहिला, टाका मोठा केला, कापड हाताने ताणून धरलं, काही फरक पडला नाही. मध्येच वरचा दोराही तुटतो. कापड धुऊन, इस्त्री करून घेतलेलं आहे. रविवारी बारसं आहे, अळिवाचे लाडू व्हायचेत, बाळंतविडा भरायचाय. ज्यांना नक्की कारण माहीत आहे त्यांनीच लिहा. व्हिडिओ सुचवू नका, ते बघून झाले.

शिवणघर
ताई, मशीन कोणतं? एकूण थर किती आणि आत काय घातलंय? सुई कितव्या नंबरची? शिवायच्या आधी कच्चे टाके घातले होते का? हे कळल्याशिवाय नक्की कारण कोणीच सांगू शकणार नाही.

तेलपाणी
दोरा तुटतो म्हणजे शटलमध्ये, खालचा दोरा असतो त्या भागात, कचरा अडकलाय. जुन्या सुती कापडाचा भुसा फार निघतो. सुईखालची पट्टी काढा, दात्यांमधला भुसा ब्रशने साफ करा, बॉबिन केस काढून पुसा, दोन-दोन थेंब मशीनचं तेल सोडा आणि थोडा वेळ चिंधीवर चालवा. तेल मशीनचंच घ्या, खोबरेल अजिबात नको, ते चिकट होऊन बसतं. माझ्याकडे येणारी बरीच मशीन नुसती साफ केली की चालायला लागतात, लोक उगाच पार्ट बदलत बसतात.

जाईजुई
मशीन नेहमीचंच आहे आणि छान चालतंय, परवाच त्यावर दोन ब्लाऊज शिवले. साफही केलेलं आहे. थर नेहमी असतात तेवढेच. प्रश्न चुण्यांचा आहे.

धावदोरा
ताई, राग मानू नका, पण गोधडी मशीनवर शिवायचीच कशाला? आमच्याकडे कागल भागात वाकळ म्हटली की हातानंच. अंगणात साड्या अंथरायच्या, चारी बाजूंनी बायका बसायच्या, आणि एकीनं धावदोरा घातला की दुसरीनं तिथून पुढं न्यायचा. हातानं शिवताना बोटांखाली सगळे थर एकदम लागतात, कुठं झोल आला तर तिथल्या तिथं कळतो. मशीनचा टाका गच्च बसतो, गोधडी पुठ्ठ्यासारखी होते, बाळाच्या अंगाला मऊ लागत नाही. अजून वेळ गेलेला नाही. लहान बाळाची गोधडी किती ती, दोघी बसलात तर दोन दुपारी होईल.

दूरदेशी
असं सरसकट म्हणू नका. मी न्यू जर्सीत राहते, इथे आमच्या गटातल्या बहुतेक जणी मशीनवरच क्विल्ट, म्हणजे गोधड्या शिवतात आणि त्या कुठेही पुठ्ठ्यासारख्या होत नाहीत. रेघा किती जवळ घालता यावर मऊपणा ठरतो. जाईजुई, तुम्हाला वॉकिंग फूट हवा. साधा फूट कापड नुसतं वरून दाबून धरतो, फक्त खालचे दाते कापड ओढतात, वरचा थर मागे राहतो आणि त्याच्या चुण्या होतात. वॉकिंग फूटला स्वतःचे दाते असतात, तो वरचं कापडही बरोबरीने पुढे नेतो. दुसरं म्हणजे थर एकमेकांना चिकटवायला स्प्रे मिळतो, तो मारला की काही हलत नाही.

पाळणा
बाळाच्या कापडावर स्प्रे नको हो. आणि एक लिहिल्याशिवाय राहवत नाही, मी नवजात बाळांच्या वॉर्डात परिचारिका आहे. एक वर्षापर्यंतच्या बाळाला झोपवताना अंगावर गोधडी, खाली मऊ गादी, बाजूला उशा यातलं काहीच ठेवू नये, तोंडावर येऊन श्वास कोंडण्याची भीती असते. घट्ट गादी, त्यावर ताणून घातलेली चादर आणि बाळ पाठीवर, बस. गोधडी जरूर शिवा, पण बाळ जागं असताना खाली अंथरायला.

धावदोरा
आमच्या घरातली सगळी पोरं वाकळीतच वाढली की.

पाळणा
माझीही वाढली. तरीही सांगते, कारण ज्यांची वाढली नाहीत त्या आया आम्हाला भेटतात. गोधडी वाईट आहे असं मी म्हणत नाही, झोपलेल्या बाळाजवळ नको एवढंच.

जाईजुई
पाळणाताई, गोधडी तेल-मालिश आणि अंघोळीनंतर बाळाला खाली ठेवायलाच आहे, पाळण्यात घालायची नाही. वॉकिंग फूट इथे सांगलीत दोन दुकानांत विचारला, नाही म्हणाले, मागवला तर रविवारच्या आत येणार नाही. हाताने शिवायला मला मानेचा त्रास आहे. आता चुण्यांबद्दल कोणी सांगेल का?

ओलं_खोबरं
चुण्यांचं मला कळत नाही, पण अळिवाच्या लाडवांची काळजी सोडा. पाव वाटी अळीव नारळाच्या पाण्यात दोन तास भिजत घाला, चांगले फुगतात. एका मोठ्या नारळाचा चव आणि वाटीभर गूळ त्यात कालवून अर्धा तास तसंच ठेवा, गूळ विरघळू दे. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतत राहा. मिश्रण कडा सोडून मध्ये गोळा व्हायला लागलं की गॅस बंद. वरून जायफळ किसून घाला आणि कोमट असताना वळा. ओला नारळ आहे, फ्रिजमध्येच ठेवा, आठवड्याच्या आत संपवा. तुम्ही आज केले तर रविवारी ताजेच असतील.

तेलपाणी
आमच्याकडे अळीव दुधात भिजवतात.

ओलं_खोबरं
दुधाचे दोन दिवसांत आंबतात. नारळाचं पाणीच घ्या.

शिवणघर
जाईजुईताई, मी तेवीस वर्षं शिवणक्लास चालवलाय, म्हणून पुन्हा विचारते. नेहमीचं मशीन म्हणजे पायाचं काळं की मोटरचं? थरांत प्रत्येक साडी कोणत्या कापडाची आहे ते एकेक लिहा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चुण्या कशा आहेत? रेघेला काटकोनात, की तिरक्या?

जाईजुई
पायाचं काळं, आईचं. सुई १४ ची, ब्लाऊजला लावलेली तीच आहे. वर आईची जुनी सुती साडी, खाली तीच, आत सासूबाईंची एक साडी दुहेरी घडी करून आणि एक जुनं धोतर. सासूबाईंची साडी जॉर्जेटची आहे, त्यांची खूप इच्छा होती म्हणून घेतली. टाचण्या लावल्या होत्या, कच्चे टाके नाहीत. चुण्या तिरक्या आहेत. एका पट्ट्यात सगळ्या उजवीकडे झुकलेल्या आणि त्याच्या शेजारच्या पट्ट्यात डावीकडे. पदरावरच्या कोयऱ्या त्यामुळे वाकड्या दिसतात.

शिवणघर
आता कळलं. एका रेघेच्या टोकाला पोचलात की गोधडी फिरवून दुसरी रेघ उलट दिशेने आणताय ना?

जाईजुई
हो. प्रत्येक वेळी दोरा तोडून पुन्हा वर कशाला जायचं? सगळे तसंच शिवतात.

शिवणघर
दोन थरांना तसं चालतं, इतक्या थरांना नाही. दाते खालचं कापड मागे ओढतात आणि वरून फूट दाबतो, त्यामुळे वरचं कापड थोडं थोडं तुमच्याकडे ढकललं जातं. पहिल्या रेघेला ते एका बाजूला सरकलं. दुसरी रेघ उलटी आली की विरुद्ध बाजूला सरकलं. मधला पट्टा दोन्हीकडून पिळला गेला, म्हणून तिरक्या चुण्या. पुढच्या पट्ट्यात पीळ उलटा, म्हणून तिथे त्या डावीकडे. कोयऱ्या त्यानेच वाकल्या. त्यात आतलं जॉर्जेट निसरडं, ते वरच्या सुती साडीला धरून ठेवत नाही. सगळेच थर सुती असते तर खडबडीतपणामुळे एवढे सरकले नसते.

आता काय करायचं ते सांगते. सगळी उसवू नका, फक्त दर दुसरी रेघ उसवा. खालच्या बाजूने प्रत्येक चौथा टाका कापत जा, मग वरचा दोरा ओढला की अख्खी रेघ सुटून येते, कापडही फाटत नाही. उसवलं की गोधडी जमिनीवर सपाट अंथरा आणि हाताने कच्चे टाके घाला, मधून सुरू करून कडांकडे, चार-चार बोटांवर. जॉर्जेट असताना टाचण्यांवर विसंबू नका. मशीनवर फूटच्या दांड्याच्या डोक्यावर जो स्क्रू आहे तो डावीकडे फिरवून दाब हलका करा. सुई जरा जाड, १६ ची लावा, दोरा तुटायचा थांबेल. टाका मोठाच ठेवा. आणि सगळ्या रेघा एकाच दिशेने, प्रत्येक वेळी वरून खाली.

दूरदेशी
दिशेचं मला फारसं पटत नाही. मी कायम उलट-सुलट शिवते, कधी तिरक्या चुण्या आल्या नाहीत. मधून सुरुवात केली की पुरे.

शिवणघर
तुमच्याकडे वॉकिंग फूट आहे आणि आत खास क्विल्टसाठीचा कापसाचा थर असतो, तो दोन्ही बाजूंचं कापड धरून ठेवतो. त्यांच्याकडे काळं मशीन आणि जॉर्जेट आहे.

दूरदेशी
हो, जॉर्जेटचं लक्षात नव्हतं आलं. मग तुमचंच बरोबर.

हल्याळकर
मधूनच सुरू करायचं हा नियम सगळीकडे नाही. आमच्याकडे उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी समाजाच्या बायका कवंदी नावाची गोधडी करतात, त्या बरोबर उलटं करतात. एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेने फिरत फिरत आत येतात आणि शेवटी मध्यावर संपवतात. जुन्या कपड्यांचे तुकडे जाता जाता लावत जायचे, आधी काही जोडून ठेवायचं नाही, सगळं एकाच धावदोऱ्यात. चारी कोपऱ्यांना कापडाची त्रिकोणी घडी शिवतात, तिला फुला म्हणतात. फुला लावल्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. हल्याळ, यल्लापूरच्या बाजूला गेलात तर घरांपुढे वाळत घातलेल्या दिसतात. जाईजुईताई, बाळाच्या गोधडीला कोपऱ्यांवर फुला लावा, फार छान दिसेल.

धावदोरा
बघा, तिथंही हातानंच.

तेलपाणी
तो स्क्रू फिरवताना जपून. सबंध सैल केला तर कापड पुढे सरकणारच नाही, टाके एकावर एक बसतील. अर्धा-अर्धा फेरा फिरवून चिंधीवर बघत जा. चिंधीसुद्धा तेवढ्याच थरांची घ्या. आणि सुई घेताना घरच्या मशीनची मागा, तिच्या दांड्याची एक बाजू सपाट असते. कारखान्यातल्या मशीनच्या सुईचा दांडा पूर्ण गोल असतो, ती या मशीनला चालत नाही. दुकानदार घाईत कुठलीही देतात.

जाईजुई
उसवायचं म्हणजे अख्खी संध्याकाळ जाणार. फुगलेल्या जागी वरून आडव्या रेघा घातल्या तर चुण्या दाबल्या जाणार नाहीत का?

शिवणघर
दाबल्या जातील, पण चुण्यांसकट. आडव्या रेघेखाली कापडाची घडी शिवली जाईल आणि ती बाळाच्या पाठीला टोचेल. उसवाच. जॉर्जेट काढायची गरज नाही, सासूबाईंची साडी राहू दे.

सुती_साडी
मध्येच विचारते, सांगलीत जुन्या नऊवारी कुठे मिळतील? मलाही करायची आहे.

जाईजुई
शिवणघरताई, काल रात्री दर दुसरी रेघ उसवली, चौथा टाका कापून दोरा ओढायची पद्धत फार कामाची आहे. भाची जवळ बसून कच्चे टाके घालत होती. आज सकाळी दाब हलका करून, सगळ्या रेघा वरून खाली घातल्या आणि पट्टे सपाट आले. कोयऱ्या सरळ झाल्या. पदराच्या टोकाला थोडा फुगा आहे, तो कडेच्या पट्टीत जाईल. १६ ची सुई लावल्यापासून दोरा तुटलेला नाही. तेलपाणीदादा, सपाट दांड्याचं सांगितलंत ते बरं झालं, दुकानदाराने आधी गोलच पुढे केली होती. आता कडेला पट्टी लावायची आहे, ती उरेब, म्हणजे तिरपी कापावी लागेल का? कापड कमी आहे.

दूरदेशी
उरेबच कापा, जास्त टिकते.

शिवणघर
कोपरे चौकोनी असतील तर उभ्या कापडाची सरळ पट्टी पुरते, कापडही वाचतं. कोपरे गोल केलेत तरच उरेब लागेल, नाहीतर वळणावर पट्टी ओढली जाईल. अडीच इंच रुंद घ्या, मधून दुमडून दुहेरी लावा. कडेला झिज जास्त होते, दुहेरी असली की वर्षानुवर्षं जाते. आईच्या साडीचा काठ शिल्लक असेल तर तोच लावा.

ओलं_खोबरं
लाडू झाले का?

जाईजुई
झाले, नारळाच्या पाण्यातलेच. थोडे सैल वळले गेले, फ्रिजमध्ये ठेवल्यावर घट्ट झाले. कोपरे चौकोनीच आहेत आणि काठ शिल्लक आहे, हिरवा, तोच लावते. हल्याळकर, फुलासाठी त्रिकोण केवढा घ्यायचा ते आजच्या आज लिहा.

हल्याळकर
चार इंचांचा चौकोन कापा, कर्णावर दुमडा, पुन्हा एकदा दुमडा. घडीची टोकं कोपऱ्याबाहेर थोडी दिसतील अशी ठेवून पट्टीच्या आत घाला आणि पट्टीबरोबरच शिवून टाका. पण काठाचं कापड जाड असेल तर तो कोपरा मशीनने न शिवता हाताने टाके घाला, तिथे सुई मोडते.

धावदोरा
आणि ते टाके दुहेरी दोऱ्यानं घाला, ताई. बाळ पहिलं तेच तोंडात घालेल, सुटता कामा नये.