पचमढीला चालून फिरायचं आहे, सवय मात्र अजिबात नाही

सक्करदरा५२: नमस्कार. वय ५२, नोकरी टेबलावरची. शाळेत खेळाच्या तासाला मी झाडाखालीच बसायची. आम्ही सात वर्गमैत्रिणी डिसेंबरात पचमढीला जातोय आणि यादीत चौरागड (डोंगरावरचं महादेवाचं मंदिर), बी फॉल (धबधबा) दोन्ही आहेत. दोन वर्षांपूर्वी चिखलदऱ्याला मी गाविलगडाच्या दारातूनच परत फिरले आणि दोन तास गाडीत बसून राहिले. बाकीच्या आतले तलाव, तोफा बघून आल्या आणि नागपूर येईपर्यंत तेच बोलत होत्या. ते अजून मनात आहे. बीपी-शुगर तपासलं, ठीक आहे. गुडघेही दुखत नाहीत, पण तिसऱ्या मजल्यावर धाप लागते. हातात अडीच महिने आहेत. तयारी कशी करू? आणि माझ्यामुळे सहाजणी अडकल्या तर?

छिंदवाडा रोड: ताई, पचमढीजवळच्या नागद्वारीच्या यात्रेला मी बरेचदा गेलो, म्हणून सांगतो. चौरागडाची वाट महादेव गुहेकडून सुरू होते. आधी जंगलातली पायवाट, मग पायऱ्या, हजाराच्या वर. महादेवाला वाहायला खांद्यावर जड त्रिशूळ घेऊन म्हातारी माणसंही वर जातात, कारण ती थांबत थांबत जातात. चढताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की वेग कमी करा.

बी फॉलचं उलटं आहे. तिथे आधी उतरायचं, पाण्यात भिजायचं आणि दमलेल्या पायांनी वर यायचं. चौरागड आणि बी फॉल एका दिवशी घेऊ नका बाप्पा! मधल्या दिवशी धूपगड ठेवा. सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर, सुमारे १३५० मीटर, पण जिप्सी गाडी वरपर्यंत जाते. सूर्यास्त बघा, पाय मोकळे होतील.

मानेवाडा: नवे बूट तिथे पहिल्यांदा घालू नका. आणि हातात खाण्याची पिशवी नको, माकडं ओढतात.

रामटेकवाला: सरावाला रामटेक या, नागपूरहून पन्नासेक किलोमीटर. गाडीरस्ता सोडा, खालच्या अंबाळा तलावाकडून पायऱ्यांनी गडावर चढा. मुख्य म्हणजे उतराही पायऱ्यांनीच. उतरताना मांड्या सतत ब्रेक लावत असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी उठता-बसता दुखतात. तीन-चार रविवार उतरलात की हे दुखणं बरंच कमी होते. एरवी आठवड्यात नागपुरातल्याच सेमिनरी हिल्सचा चढ पुरे.

सक्करदरा५२: पाच आठवड्यांनी लिहितेय. रामटेक चार वेळा झालं. पहिल्या रविवारी नऊ वेळा बसले आणि सोमवारी ऑफिसचा जिना कठडा धरून उतरले. काल तीनदा बसले, तेही तिसऱ्यांदा खाली अंबाळा तलाव बघायला. इतकी वर्षं गडावर गाडीने जायची, वाटेत हा तलाव कधी नीट बघितलाच नव्हता.

तुम्ही सांगितलं तसं दिवस वेगळे केले. अडकवण्याची भीती ग्रुपवर लिहून टाकली, तर एकीचा लगेच फोन आला. तिलाही हळूच चढायचं होतं, पण बोलायचा धीर होत नव्हता. आता चौरागडाला आम्ही दोघी बाकीच्यांच्या पाऊण तास आधी निघतोय.