मदत हवी आहे: 'रोग ट्रेडर' दाखवताना ८८८८८ खात्याचा हिशोब कसा समजवावा?

बेरिंग्ज या बुडालेल्या ब्रिटिश बँकेवरचा 'रोग ट्रेडर' हा सिनेमा (१९९९) कॉमर्सच्या मुलांना दाखवायचा आहे. इवान मॅकग्रेगर उत्तमच, पण सिनेमा पाहून वाटतं की बँकेचा सिंगापूरमधला ट्रेडर निक लीसन नुसते निक्केई या जपानी शेअर निर्देशांकाचे फ्युचर्स (आज भाव ठरवून पुढच्या तारखेला पुरे करायचे सौदे) घेत सुटला आणि बुडाला. खरी गोम ऑप्शन्समध्ये आहे. तो एकाच स्ट्राइकचे (ठरलेल्या भावाचे) कॉल (खरेदीचा हक्क) आणि पुट (विक्रीचा हक्क) दोन्ही विकायचा आणि आलेल्या प्रीमियमने (हक्काच्या किमतीने) ८८८८८ या लपवलेल्या खात्यातला तोटा झाकायचा. निर्देशांक एका पट्ट्यात फिरतो तोवरच हे निभतं. १७ जानेवारी १९९५ ला कोबेचा भूकंप झाला. मोठी घसरण मात्र २३ तारखेची, एका दिवसात हजाराहून जास्त अंक! विकलेले पुट अंगावर आले, त्यात फ्युचर्सची खरेदी वाढतच गेली आणि सायमेक्स या सिंगापूरच्या फ्युचर्स बाजारात भरायच्या मार्जिनसाठी (अनामत रकमेसाठी) लंडनहून पैसा येत राहिला. सौदे आणि सेटलमेंट एकाच माणसाच्या हाती, मग ताळा घेणार कोण? शेवटी तोटा ८२.७ कोटी पौंड.

त्या जानेवारी-फेब्रुवारीचे निक्केईचे रोजचे बंद भाव एक्सेलमध्ये कुणाकडे आहेत का? महिन्याची सरासरी चालणार नाही, त्यात २३ तारीख दिसतच नाही. ऑप्शन्स आणि फ्युचर्सचा तोटा वेगळा मांडलेला तक्ता असेल तर तोही कृपया द्या.