मदत हवी आहे: शिकागोहून नाशिकला जुना हॅमंड ऑर्गन न्यावा, की तेवढ्याच पैशांत नवा घ्यावा?

नमस्कार. मी गेली अकरा वर्षे शिकागोच्या एका उपनगरात राहत आहे आणि पुढच्या मे महिन्यात सहकुटुंब कायमचा नाशिकला परतणार आहे. त्याआधी एक इलेक्ट्रिक ऑर्गन घ्यायचा आहे. किंमत, दुरुस्ती, वाहतूक आणि तिकडे गेल्यावर लागणारी विजेची व्यवस्था असे सगळे धरून मी साडेचार हजार डॉलर बाजूला ठेवले आहेत. एवढ्यात काय बसेल, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे.

ऑर्गन म्हटले की आपल्याकडे नाट्यसंगीताच्या साथीचा, पायाने भाता चालवायचा ऑर्गन आठवतो. आमच्या घरी तो होता, वडील वाजवत असत आणि माझे बोट सुरावर प्रथम पडले ते त्याच्यावरच. मला आता हवा आहे तो वेगळ्या जातीचा. लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली याच शिकागोत जो ऑर्गन विक्रीला आणला, त्यात भाताही नाही आणि पत्तीही नाही. एक मोटर दातेरी चाकांच्या आधाराने पोलादी चकत्या फिरवते, प्रत्येक चकतीच्या कडेजवळ चुंबक आणि तारेचे वेटोळे असते आणि कडेवरचे उंचवटे त्याच्यासमोरून जाऊ लागले की वेटोळ्यात सूर तयार होतो. बी-३ या सर्वांत गाजलेल्या मॉडेलमध्ये अशा ९१ चकत्या आहेत. शहराच्या दक्षिण भागातील एका चर्चमध्ये सहकाऱ्याबरोबर गेलो असताना मी तो पहिल्यांदा जवळून ऐकला. गाणाऱ्यांनी श्वास घेण्यासाठी सोडलेली जागा वादक ज्या तऱ्हेने भरत होता, ते ऐकून मला घरच्या ऑर्गनची साथ आठवली. गेली सहा वर्षे मी तेथेच एका गुरूंकडे शिकत आहे.

आतापर्यंत तीन पर्याय पाहिले आहेत. पहिला एम-३, म्हणजे ४४-४४ पट्ट्यांचे दोन कळफलक आणि आतच स्पीकर असलेले घरगुती मॉडेल. मालक दोनशे डॉलर मागत आहेत आणि मोठे घर सोडून लहान घरात जाणारी मंडळी हे मॉडेल नुसते उचलून नेण्याच्या अटीवरही देतात. दुसरा ए-१००. त्यात आतले यंत्र बी-३ चेच आहे, ६१ पट्ट्यांचे दोन कळफलक आणि पायाखाली २५ पट्ट्या आहेत, आणि एका लेस्ली स्पीकरसह (फिरत्या भागांमुळे आवाजाला थरथर देणारा वेगळा स्पीकर) त्याचे २,८०० डॉलर सांगितले आहेत. तशाच अवस्थेतील बी-३ ला मला याच्या दुपटीहून अधिक रक्कम सांगण्यात आली. हा फरक बराचसा नावाचा आणि लाकडी पेटीच्या देखणेपणाचा आहे असे माझे गुरू म्हणतात. तिसरा पर्याय नव्या डिजिटल वाद्याचा. हॅमंडचा एसके प्रो, यामाहाचा वायसी-६१ आणि नॉर्डचा इलेक्ट्रो ६डी मी दुकानात वाजवून पाहिले. ही सर्व साधारण दोन ते तीन हजार डॉलरच्या घरात आहेत, ड्रॉबार, म्हणजे सुराचा पोत बदलण्यासाठी ओढायच्या दांड्या, तिन्हींना आहेत, मात्र कळफलक एकच आहे.

जुन्या वाद्याची मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष पडणारा खर्च यांतील अंतर मी एकदा सोसले आहे. चार वर्षांपूर्वी एल-१०० मालिकेतील एक ऑर्गन मला फुकट मिळाला. विकणाऱ्यांनी तो चालू असल्याचे सांगितले होते. घरी आणण्यास १८० डॉलर लागले, तंत्रज्ञांच्या पहिल्या भेटीचे १२० झाले, आणि त्या भेटीत कळले की कित्येक वर्षे तेल न घातल्यामुळे चकत्यांचा आसच घट्ट बसला आहे. तो सुटला नाही. शेवटी वाद्य उचलून नेण्यासाठी आणखी ९० डॉलर मोजावे लागले. त्या वाद्यावर मी एकही गत वाजवू शकलो नाही याचे दुःख मला पैशांपेक्षा अधिक आहे, आणि म्हणूनच या वेळी आधी विचारत आहे.

माझे प्रश्न असे: भारतात २३० व्होल्टला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावला की अमेरिकी हॅमंड चालेल का? विकत घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे? आणि नाशिकच्या पावसाळ्यात तो टिकेल का? मार्गदर्शन करावे ही विनंती.

प्रतिसाद १

मी इंग्लंडमध्ये राहतो आणि माझ्याकडे एल-१०० मालिकेतील ऑर्गन गेली नऊ वर्षे आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण सर्व हिशेब त्यावर अवलंबून आहे.

ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज बदलते, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. हॅमंडची मोटर सिंक्रोनस आहे, म्हणजे तिचा वेग विजेच्या फ्रीक्वेन्सीला बांधलेला असतो. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे, भारतात आणि येथे ५०. त्यामुळे अमेरिकी ऑर्गन नाशिकला नुसत्या ट्रान्सफॉर्मरवर लावला तर सर्व चकत्या सहापैकी पाच भाग वेगानेच फिरतील. पांढरी एक दाबल्यावर २६१.६ ऐवजी सुमारे २१८ हर्ट्झचा सूर निघेल. पांढरी सहा २२० ची, म्हणजे तो तिच्याही किंचित खाली पडेल. पट्टी बदलून वाजवू असे म्हणाल, तर तेही साधणार नाही, कारण तो सूर हार्मोनियमच्या कोणत्याच पट्टीशी जुळत नाही. शिवाय ६० हर्ट्झसाठी बनवलेले ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतात, आणि लेस्लीच्या मोटरीही सावकाश फिरतात, त्यामुळे त्याची थरथर बदलते.

मार्ग दोन आहेत. ऑर्गनच्या मागे एक पट्टी असते, तिच्यावर व्होल्ट आणि सायकल्स (म्हणजेच हर्ट्झ) छापलेले असतात. ब्रिटनमध्ये विकले गेलेले हॅमंड ५० सायकल्सचे असतात आणि ते भारतात सुरात वाजतात. मात्र तुम्ही शिकागोत आहात, त्यामुळे हा मार्ग तुम्हाला लांबचा आहे. दुसरा मार्ग असा: अमेरिकेतच १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा, शुद्ध साइन लहर देणारा इन्व्हर्टर घ्यावा आणि नाशिकला तो बॅटरीवर चालवावा. आपल्याकडे घरोघरी असते तीच बॅटरी चालते, चार्जर तिथल्या विजेवर राहतो आणि व्होल्टेज व फ्रीक्वेन्सी हे दोन्ही प्रश्न एकदम सुटतात. ऑर्गन आणि लेस्ली या दोहोंसाठी मिळून हजार वॉटचा इन्व्हर्टर घेतला तर सुरुवातीच्या झटक्यालाही पुरेशी जागा राहते. स्वस्त, चौकोनी लहरीचा घेऊ नये. मोटर गुरगुरते आणि ती गुरगुर स्पीकरमधून ऐकू येते. एक जमेची बाजू अशी की भारताच्या ग्रिडची फ्रीक्वेन्सी ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात राखायची असते आणि जनरेटरवर ती याहूनही खाली उतरते, तर चांगल्या इन्व्हर्टरची जागची हलत नाही.

आता तपासणी. मालकांना सांगावे की तुम्ही येण्यापूर्वी ऑर्गन चालू करू नये. थंड असतानाच तो सुरू होतो का ते पाहायचे असते. स्टार्टचे बटण आठेक सेकंद दाबून धरावे, ते तसेच ठेवून रनचे बटण लावावे आणि आणखी चार सेकंदांनी स्टार्ट सोडावे. चकत्या फिरत राहिल्या तर निम्मी काळजी मिटली. मग एकेक ड्रॉबार पूर्ण ओढून दोन्ही कळफलकांवरची प्रत्येक पट्टी स्वतंत्र दाबावी. एखाददुसरी पट्टी गप्प असेल तर ती बहुधा संपर्कबिंदूवरची धूळ असते आणि वारंवार दाबल्यावर बोलू लागते. पण एकच सूर सगळीकडे गप्प असेल, तर दोष चकतीच्या बाजूला आहे असे समजावे. साठच्या दशकाच्या मध्यानंतरच्या मोठ्या मॉडेलमध्ये कळफलकाच्या आत लावलेला फोम कालांतराने विरघळून तारा खातो, आणि ती दुरुस्ती वाद्याच्या किमतीच्या बरोबरीची होऊ शकते. ए-१०० चे साल म्हणूनच विचारून घ्यावे; आधीच्या वर्षांतील असेल तर उत्तम. तेल वर्षातून एकदा, हॅमंडचे म्हणून मिळते तेच घालावे. ते सुती धाग्यांच्या वातींमधून प्रत्येक आसापर्यंत झिरपते आणि जाड तेलाने या वाती तुंबतात. तुमच्या एल-१०० चे असेच काही झाले असावे.

प्रतिसाद २

मी वसईच्या एका चर्चच्या गायकवृंदात वाजवते. आमच्याकडे डिजिटल ऑर्गन आहे आणि पावसाळ्यात त्याचेही बटणांचे संपर्क दमट होतात, तेव्हा जुन्या वाद्याची काळजी तुम्हाला निश्चितच घ्यावी लागेल. नाशिकची हवा आमच्या किनाऱ्यापेक्षा बरीच कोरडी आहे, हे तुमच्या पथ्यावर पडेल. वाद्य बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नये आणि जून ते सप्टेंबर रोज अर्धा तास तरी चालू ठेवावे. व्हॉल्व्हच्या, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्यांच्या, उबेने आतली ओल जाते. माझी खरी शंका वेगळी आहे. बी-३ खुर्ची आणि पायपट्ट्यांसह १९० किलोच्या वर जातो आणि ए-१०० त्याच घराण्यातला आहे. तुमचे घर कितव्या मजल्यावर आहे, आणि जिन्याचे वळण मोजले आहे का? आम्ही सात किलोचा वायसी-६१ एका हाताने लग्नघरी नेतो. तुम्हाला बाहेर कार्यक्रम करायचे असतील, तर याचा विचार अवश्य करावा.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. फ्रीक्वेन्सीचा मुद्दा मला येथील दोन विक्रेत्यांपैकी एकानेही सांगितला नव्हता, आणि ट्रान्सफॉर्मर घेऊन मी निश्चिंतपणे निघालो असतो. घर तळमजल्यावर आहे आणि दाराची रुंदी भावाकडून मोजून घेतली आहे, वाद्य आत जाते.

हिशेब पुन्हा मांडला. आमचे घरसामान कंटेनरने जाणारच आहे. ऑर्गन आणि लेस्ली यांच्या लाकडी खोक्यांसह जादा जागेचे १,१०० डॉलर सांगितले आहेत. ए-१०० ची किंमत २,८०० वरून २,४०० पर्यंत खाली येईल असे मालकांच्या बोलण्यातून वाटते. इन्व्हर्टर, तेल, व्हॉल्व्हचा एक जादा संच आणि निघण्यापूर्वी तंत्रज्ञांची एक पूर्ण तपासणी, यांना सहाशे लागतील. एकूण ४,१०० झाले. कस्टमचा आकडा दलालांकडून लेखी मागवला आहे आणि तो चारशेच्या आत आला तरच हे जमेल. आला नाही, तर दोनशे डॉलरचा एम-३ न्यावा असे मनात आहे. त्याच्या ४४ पट्ट्या भजनाच्या आणि नाट्यपदाच्या साथीला पुरतात, हे मी वडिलांच्या पदांची वही समोर ठेवून गेल्या रविवारी वाजवून पाहिले आहे.

मागची पट्टी पाहिली. तिच्यावर ६० सायकल्सच लिहिले आहे. शनिवारी सकाळी ऑर्गन थंड असताना तपासायला जाणार आहे. फोमच्या बाबतीत एक विचारायचे राहिले: वाद्य न उघडता, केवळ ऐकून तो दोष ओळखता येतो का, की मालकांची परवानगी घेऊन कळफलक उचलूनच पाहावा लागेल?